जंगलातील कार्बन आणि लाकडाची ऊर्जा : वनव्यवस्थापनाच्या निवडींचा आढावा

लाकूड जाळून उष्णता किंवा वीज निर्माण केली, तर त्यातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड हवामानबदलाच्या हिशेबात धरावा की सोडून द्यावा, या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत वनशास्त्रज्ञ, ऊर्जातज्ज्ञ आणि धोरणकर्ते यांच्यात मोठा वाद झाला. या वादाचे उत्तर बहुतेकांनी चिमणीपाशी शोधले, पण ते दडलेले आहे जंगलात. एकाच वजनाचे लाकूड एका जंगलातून आले तर हवामानाला उपकारक ठरते आणि दुसऱ्या जंगलातून आले तर कोळशाहून घातक ठरते. हा फरक झाडे कोणत्या वयात तोडली, तोडीनंतर जमिनीचे काय केले, लाकडाचा कोणता भाग कशासाठी वापरला आणि ती तोड झालीच नसती तर त्या जंगलाचे काय झाले असते, यांवर अवलंबून असतो. जैवऊर्जा, म्हणजे सेंद्रिय पदार्थांपासून मिळवलेली ऊर्जा, हे मोठे क्षेत्र आहे व त्यात उसाच्या चिपाडापासून गोबरगॅसपर्यंत अनेक प्रकार येतात. त्यांपैकी सर्वांत जुना प्रकार लाकडाचा, आणि जगात दरवर्षी तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी सुमारे निम्मे आजही जळणासाठीच जाते.

कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो आणि १ टन कार्बन पूर्ण जळाला म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२० साली केलेल्या मूल्यमापनानुसार जगातील जंगलांचे क्षेत्र ४०६ कोटी हेक्टर असून त्यांत ६६२ अब्ज टन कार्बन साठलेला आहे. या साठ्याची विभागणी विचारात घेण्यासारखी आहे : ४४ टक्के कार्बन जिवंत झाडांच्या खोड, फांद्या, पाने व मुळे यांत, ४५ टक्के मातीतील सेंद्रिय द्रव्यात आणि उरलेला मृत लाकडात व पालापाचोळ्यात आहे. तोडीचा हिशेब मात्र शतकानुशतके खोडाच्या घनमापावरच मांडला गेला, कारण विकले जाते ते खोड. ज्या निम्म्याहून अधिक कार्बनला बाजारात किंमत नाही, तो तोडीच्या वेळी मातीच्या उलथापालथीतून आणि उन्हाच्या झळीतून किती सुटतो, याची नोंद ठेवण्याची गरज वनखात्यांना फार उशिरा जाणवली.

साठा आणि ओघ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर या विषयातील निम्मी चर्चा निरर्थक होते. साठा म्हणजे एखाद्या क्षणी जंगलात असलेला एकूण कार्बन. ओघ म्हणजे वर्षभरात जंगलाने शोषलेला किंवा सोडलेला निव्वळ कार्बन. तरुण रोपवनाचा ओघ मोठा असतो, कारण झाडे झपाट्याने वाढत असतात, पण त्याचा साठा लहान असतो. जुन्या जंगलाची वाढ मंद, पण साठा प्रचंड. जुनी झाडे वाढत नाहीत, म्हणून ती तोडून तरुण झाडे लावावीत, हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे : जुन्या जंगलाच्या जागी लावलेली रोपे कितीही जोमाने वाढली, तरी मूळ साठा भरून येण्यास अनेक दशके, कधी शतकाहून अधिक काळ लागतो. शिवाय जुनी जंगले शोषणाच्या बाबतीत शून्यावर येऊन थांबतात, ही १९६० च्या दशकापासून रूढ असलेली समजूत २००८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनाने हादरवली. समशीतोष्ण व उत्तरेकडील जंगलांतील मोजमापे एकत्र करून त्याने असे दाखवले, की दोनशे वर्षांहून जुनी जंगलेही कार्बन साठवत राहतात. या शोषणाच्या प्रमाणावर पुढे आक्षेप घेतले गेले आणि तो वाद मिटलेला नाही. तथापि मोठा साठा राखून असणे हेच जुन्या जंगलाचे पहिले कार्य आहे, याविषयी दुमत नाही.

आधुनिक वनशास्त्राचा जन्मच जळणाच्या टंचाईतून झाला. सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खाणींत धातू वितळवण्यासाठी लागणारे लाकूड संपत चालले, तेव्हा तेथील खाणप्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाढेल तेवढेच तोडावे हे तत्त्व मांडले. १८४९ साली मार्टिन फाउस्टमान यांनी आवर्तनकाल, म्हणजे एका लागवडीपासून तोडीपर्यंतचा कालावधी, आर्थिकदृष्ट्या किती असावा याचे सूत्र दिले. ही परंपरा बॉनहून आलेल्या डीट्रिख ब्रांडिस यांच्याबरोबर भारतात पोहोचली. १८६४ साली ते येथील पहिले वनमहानिरीक्षक झाले, आणि कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, आखून क्रमाने तोड करण्याची, कार्य आयोजना, म्हणजे जंगलाचा व्यवस्थापन आराखडा, लिहिण्याची जी पद्धत वनखाते आजही पाळते, ती याच घडणीची आहे. सातत्यपूर्ण उत्पादनाचे हे तत्त्व मौल्यवान आहे, पण त्याने एका प्रश्नाला स्पर्शच केला नाही : वाढीइतकीच तोड करताना जंगलातील उभा साठा कोणत्या पातळीवर ठेवायचा? वीस वर्षांच्या आवर्तनावरही तोड सातत्यपूर्ण राहू शकते आणि शंभर वर्षांच्याही. दोन्हींत उत्पादन अखंड चालते, परंतु दुसऱ्या जंगलात उभा असलेला कार्बन पहिल्याच्या कितीतरी पट असतो. फाउस्टमान यांच्या सूत्रात व्याजदर जितका चढा, तितका आवर्तनकाल आखूड होतो, आणि म्हणून बाजाराच्या हाती सोपवलेले जंगल सरासरीने तरुण, विरळ आणि कार्बनच्या दृष्टीने दरिद्री राहण्याकडे झुकते.

तोडलेल्या लाकडातील कार्बन त्या दिवशीच हवेत जातो असेही नाही. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीच्या, हिशेबपद्धतीत कापीव इमारती लाकडाचे अर्धायुष्य ३५ वर्षे, प्लायवूडसारख्या लाकडी तक्त्यांचे २५ वर्षे आणि कागदाचे केवळ २ वर्षे धरले जाते. अर्धायुष्य म्हणजे त्या वस्तूंतील निम्मा कार्बन हवेत परतण्यास लागणारा काळ. जळणाच्या लाकडाला असे आयुष्य नसते. लाकडाने सिमेंट किंवा पोलाद यांची जागा घेतली, तर त्यांच्या निर्मितीतील उत्सर्जनही टळते. या बचतीचा गुणांक २०१० च्या एका व्यापक संकलनात सरासरी २.१ आला होता, म्हणजे लाकडातील १ टन कार्बनमागे २.१ टन कार्बनचे उत्सर्जन टळते. युरोपियन वनसंस्थेने २०१८ साली केलेल्या आढाव्यात तो १.२ पर्यंत खाली आला, आणि वीज व पोलाद जसजसे स्वच्छ होतील तसतसा तो आणखी घसरेल, कारण ज्याची जागा घ्यायची तेच कमी प्रदूषक झालेले असेल. त्यामुळे जाड, सरळ, टिकाऊ लाकूड देणारे लांब आवर्तन आणि मधल्या काळात विरळणी, म्हणजे दाटीतील दुबळी झाडे काढून उरलेल्यांना जागा देणे, ही व्यवस्था साठा आणि वापर या दोन्ही अंगांनी उजवी ठरते.

आता मुख्य प्रश्न जाळण्याचा. आयपीसीच्या प्रमाणित गुणांकांनुसार प्रत्येक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडातून ११२ किलो, दगडी कोळशातून सुमारे ९५ किलो आणि नैसर्गिक वायूतून ५६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लाकडात ओलावा असल्याने वीजनिर्मितीची कार्यक्षमताही कमी असते. म्हणजे चिमणीपाशी लाकूड कोळशाहून वाईट आहे, आणि त्याची भरपाई फक्त जंगलाच्या पुढच्या वाढीतूनच होऊ शकते. तोडीच्या दिवशी डोक्यावर आलेल्या या अतिरिक्त उत्सर्जनाला अभ्यासक कार्बनचे कर्ज म्हणतात, आणि ते फिटण्यास लागणाऱ्या वर्षांना फेडीचा काळ. मॅसॅच्युसेट्स राज्याने मॅनोमेट या संस्थेकडून २०१० साली करून घेतलेल्या अभ्यासात तेथील जंगलातील लाकडाने कोळशाच्या विजेची जागा घेतली तर फेडीस सुमारे २० वर्षे, वायूच्या विजेची जागा घेतली तर ९० वर्षांहून अधिक काळ लागेल असे निघाले. तेलाच्या भट्टीऐवजी थेट उष्णतेसाठी लाकूड वापरले, तर हा काळ पुष्कळ कमी होता. या निष्कर्षांनंतर त्या राज्याने लाकडाच्या विजेला मिळणाऱ्या सवलतींचे नियम २०१२ साली कडक केले.

या पद्धतीवर वनशास्त्रज्ञांनी घेतलेला आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की एकच तुकडा पाहिला तर कर्ज दिसते. पण संपूर्ण वनप्रदेश पाहिला तर एका वर्षी शंभरातला एक तुकडा तुटतो, नव्व्याण्णव वाढत असतात आणि एकूण साठा स्थिर राहतो. हे खरे आहे, परंतु ते नव्व्याण्णव तुकडे तोड झाली नसती तरी वाढलेच असते, आणि शंभरावा तुकडाही वाढला असता. म्हणून साठा स्थिर आहे एवढे पुरेसे नसून तोडीविना तो कुठवर गेला असता, हे विचारावे लागते. याला आणखी एक बाजू आहे : अमेरिकेच्या आग्नेय भागात जंगले बहुतांशी खासगी मालकीची आहेत, आणि लाकडाला भाव मिळेनासा झाला तर मालक ती जमीन शेतीला किंवा घरबांधणीला देऊ शकतो, म्हणून तेथे लाकडाची मागणी जंगल टिकवण्यासही कारण ठरते. ‘तोड झाली नसती तर काय’ या प्रश्नाचे उत्तर ज्या त्या जागी शोधावे लागते, आणि जगभरच्या लाकडाला एकच शिक्का मारणारे कोणतेही धोरण याच ठिकाणी चुकते.

तसा शिक्का मारला गेला तो हिशेबाच्या एका सोयीतून. राष्ट्रीय उत्सर्जनाच्या नोंदींत लाकूड जाळल्याचे उत्सर्जन ऊर्जाविभागात शून्य धरले जाते, कारण तोड झाली तेव्हाच ते जमीनवापराच्या विभागात वजा झालेले असते. दुहेरी मोजणी टाळण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे, लाकूड निर्दोष असल्याचा निवाडा नव्हे. परंतु युरोपच्या ऊर्जाधोरणाने आणि कार्बनबाजाराने शून्याचा आकडा तेवढा उचलला. टिमोथी सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘सायन्स’मध्ये ही चूक दाखवून दिली, तरीही त्याच वर्षीच्या युरोपीय नवीकरणीय ऊर्जा निर्देशानंतर लाकडी गोळ्यांचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या पेलेटचा, व्यापार वेगाने वाढला. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या ड्रॅक्स वीजकेंद्राने २०१३ ते २०१८ या काळात सहापैकी चार संच कोळशावरून पेलेटवर आणले आणि त्यासाठीचा मोठा पुरवठा अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतून व कॅनडातून होऊ लागला. क्योटो कराराखाली अमेरिकेवर बंधन नव्हते आणि ब्रिटनच्या ऊर्जाहिशेबात शून्य होते. अशा रीतीने तोडीचा कार्बन दोन देशांच्या मधल्या फटीत हरवला. २०२३ च्या सुधारित निर्देशात युरोपीय संघाने लाकडाचा उपयोग आधी टिकाऊ वस्तूंसाठी, मग पुनर्वापरासाठी आणि शेवटी जाळण्यासाठी व्हावा असा क्रम घालून दिला, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. ते उशिरा पडले, एवढेच त्याबाबत म्हणता येईल.

नॉर्डिक देशांचा अनुभव या सर्व मुद्द्यांना एकत्र आणतो. स्वीडनमध्ये १९०३ च्या कायद्याने तोडीनंतर पुनर्लागवड सक्तीची झाली, १९२३ पासून राष्ट्रीय वनगणना अखंड चालू आहे, आणि या शतकभरात तेथील उभ्या लाकडाचे घनमाप सुमारे दुप्पट झाले. १९९१ साली आलेल्या कार्बन कराने शहरांच्या सामूहिक तापनव्यवस्थेतून तेल आणि कोळसा हटवला व त्यांची जागा फांद्या, शेंडे, साल आणि गिरण्यांतील भुसा यांनी घेतली. हा जैवऊर्जेचा सर्वांत समर्थनीय नमुना आहे : लाकूड इमारतीला व कागदाला जाते, अवशेष जळणाला, आणि उष्णता व वीज एकत्र निर्माण केल्याने ऊर्जा वाया जात नाही. जे अवशेष जंगलात पडून काही वर्षांत कुजलेच असते, ते जाळल्याने कर्ज फारसे होत नाही. बुंधे उपटून जाळणे मात्र वेगळे, कारण थंड हवेत बुंधा कुजण्यास अनेक दशके लागतात आणि तो उपटताना मातीही उघडी पडते.

फिनलंडने दुसरा धडा दिला. देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली असलेल्या या राष्ट्राने २०३५ पर्यंत कार्बनतटस्थ होण्याचे उद्दिष्ट कायद्यात घातले, आणि त्याचा मोठा भार जंगलांच्या शोषणावर टाकला. २०२१ साली तेथील जमीनवापराचा विभाग प्रथमच शोषकाऐवजी निव्वळ उत्सर्जक ठरला. तोड वाढलेली होती, पाइनची वाढ मंदावलेली होती आणि विसाव्या शतकात निचरा करून वनीकरण केलेल्या जवळपास ५० लाख हेक्टर पीटभूमीतून कार्बन सुटत होता. पीट म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षे साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, आणि पाणी काढून घेतले की तो हवेशी संयोग पावून हळूहळू नाहीसा होतो. २०२२ मध्ये रशियाहून येणारे लाकूड थांबल्यावर देशांतर्गत मागणीचा ताण आणखी वाढला. वनव्यवस्थापनात जगात अग्रगण्य मानल्या गेलेल्या देशात हे घडावे, ही गोष्ट जंगलांच्या भविष्यातील शोषणावर आधीच हक्क सांगणाऱ्या प्रत्येक योजनेने लक्षात ठेवावी.

जर्मनीच्या २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या वनगणनेतही २०१७ पासूनच्या काळात तेथील जंगले दुष्काळ, वादळे आणि सालकिड्यांमुळे उत्सर्जक झाल्याचे दिसले, आणि सर्वाधिक हानी झाली ती एकाच जातीच्या स्प्रूसच्या रोपवनांची. जलद वाढ व सुलभ तोड यांसाठी केलेली ती निवड पुढच्या पिढीत कार्बनच्या मुळावर आली. मिश्र जंगल हळू वाढते, पण एकाच संकटात सगळे गमावत नाही.

भारतात चित्र निराळे आहे, कारण येथे लाकडाच्या ऊर्जेचा मुख्य ग्राहक वीजकेंद्र नसून चूल आहे. २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जगातील २७ ते ३४ टक्के सरपण पुनर्वाढीच्या मर्यादेपलीकडे काढले जाते असा अंदाज दिला आणि दक्षिण आशियातील काही भाग व पूर्व आफ्रिका हे त्याचे तीव्र पट्टे ठरवले. उरलेले बहुतांश सरपण वाळक्या फांद्यांचे व बांधावरच्या झाडांचे असते. मोळी आणणाऱ्या बाईला वनऱ्हासाचे कारण ठरवणारी जुनी सरकारी भाषा या आकड्यांपुढे टिकत नाही. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या, परंतु सिलिंडरचा खर्च परवडेल तेवढाच गॅस आणि बाकी चूल, असा दुहेरी वापर ग्रामीण घरांत चालूच आहे.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर असून त्यातील कार्बनसाठा सुमारे ७२८.५ कोटी टन आहे व त्याचा निम्म्याहून अधिक भाग मातीत आहे. या व्याख्येत एक हेक्टरहून मोठा आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्राचा कोणताही वृक्षपट्टा बसतो, मग ती आमराई असो वा सागाचे रोपवन; म्हणून नैसर्गिक जंगल घटून लागवड वाढली तरी आकडा चढताच दिसू शकतो. महाराष्ट्राच्या संदर्भात हा इशारा विशेष लागू पडतो. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने विदर्भात ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू यांची मिश्र जंगले सरसकट तोडून तेथे सागाची रोपवने उभी केली. साग हे उत्तम इमारती लाकूड आहे आणि लांब आवर्तनावर राखल्यास त्यातील कार्बन घरांच्या तुळयांत व दारांत दीर्घकाळ राहतो, हे मान्य केले पाहिजे; पण मिश्र जंगलाच्या तोडीत गेलेला मातीतील व मुळांतील कार्बन, मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवर जगणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न, हे या हिशेबात कधी आले नाही. कोकणात खासगी जंगले ठराविक वर्षांनी तोडून जळाऊ लाकूड व लाकडी कोळशासाठी विकली जातात. बुंध्यांना धुमारे फुटून जंगल पुन्हा उभे राहते खरे, पण तोडीतील अंतर कमी होत गेले, की साठा प्रत्येक फेऱ्यात खालच्या पातळीवर उतरतो.

याउलट बांबूचे उदाहरण आश्वासक आहे. विदर्भातील मानवेलाची काठी तीन-चार वर्षांत पक्व होते, आणि बेटातील जुन्या काठ्या निवडून काढल्या व कोवळ्या राखल्या, तर बेट व मातीतील कंद जिवंत राहून कार्बनचा आधार ढळत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभेने बांबूची वाहतूक व विक्री स्वतः हाती घेतली. त्याआधी कागद गिरणीच्या कंत्राटात बेटे ओरबाडली जात असल्याच्या गावांच्या तक्रारी जुन्या होत्या. आता तोडीचा निर्णय ज्यांना पुढच्या वर्षीही त्याच बेटाकडे जायचे आहे, त्यांच्या हाती आला. निवड कोण करते, याचा परिणाम काय निवडले जाते यावर होतो, आणि कार्बनच्या चर्चेत हा मुद्दा फार कमी येतो.

कोळशाच्या वीजकेंद्रांत ५ टक्के जैवइंधन मिसळण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२१ साली आणले आणि त्यात भर शेतीच्या अवशेषांवर ठेवला, हे शहाणपणाचे झाले. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या परिसरात पऱ्हाटी, तुराट्या व तणस यांची कमतरता नाही, आणि शेतात जाळून टाकण्यापेक्षा त्यांचे पेलेट करणे केव्हाही चांगले. धोका असा, की पेलेटला हमखास भाव मिळू लागला म्हणजे त्याच गिरण्यांत जंगलातील लाकूडही शिरू शकते. पऱ्हाटीचा भुसा आणि धावड्याचा भुसा दाबल्यानंतर ओळखू येत नाहीत. मूळ कुठले, याची पावती कारखान्याच्या दारात तपासली गेली नाही, तर युरोपने केलेली चूक येथे लहान प्रमाणावर, पण अधिक गरीब जंगलांत होईल.

उपलब्ध पुराव्यांवरून जो क्रम सुचतो, तो असा आहे : नैसर्गिक व जुन्या जंगलातील साठा प्रथम राखावा, लागवडीत आवर्तन लांबवून लाकूड टिकाऊ वापरास द्यावे, ऊर्जेसाठी अवशेष, शेतातील काड्या आणि पडीक जमिनीवरील नवी लागवड यांपलीकडे जाऊ नये, आणि ती ऊर्जाही विजेपेक्षा आधी उष्णतेसाठी वापरावी. राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेने कार्बनसाठ्याची नोंद कार्य आयोजनेचा भाग केली आहे. महाराष्ट्राच्या वनविभागाने व वनविकास महामंडळाने ही नोंद प्रत्येक कूपाच्या तोडीआधी आणि तोडीनंतर, मातीसह करावी, आणि ती इंग्रजी अहवालात न ठेवता मराठीत संबंधित ग्रामसभांपुढे मांडावी.